छोट्या कॅथलिक शाळेत मूल घालताय? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसई तालुक्यातल्या एका धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, छोट्या शाळेतून माझा थोरला दहावी झाला आणि धाकटी अजून तिथेच शिकते आहे. आम्ही कॅथलिक नाही, आमच्या घरी गणपती बसतो. पालक-शिक्षक संघात काम करत असल्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत नवे आई-बाबा तेच तेच प्रश्न घेऊन भेटतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. त्यात माझ्याबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या पालकांचेही अनुभव आहेत, कॅथलिक आणि बिगरकॅथलिक दोघांचे.

कॅथलिक शाळा म्हणजे कॉन्व्हेंटच ना?

नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर लोकांचा मठ. त्यांच्या संघाने चालवलेली शाळा ती कॉन्व्हेंट शाळा. जेझुइट किंवा सालेशियन यांसारख्या संघांच्या शाळा वेगळ्या. मुंबईचं सेंट झेवियर्स जेझुइटांचं, 1869 पासूनचं. डॉन बॉस्को नावाच्या शाळा सालेशियनांच्या. तिसरा प्रकार गावच्या चर्चला जोडलेल्या शाळेचा. तिचा कारभार धर्मप्रांताकडे, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या चर्चच्या विभागाकडे, असतो आणि चर्चचे प्रमुख धर्मगुरू बहुधा तिचे व्यवस्थापक असतात. वसईचा धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. इथल्या वाड्यांमधून केळी, पानवेली आणि भाजी पिकवणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शिकायला लांब जावं लागू नये म्हणून चर्चच्या आवारात अशा शाळा उभ्या राहिल्या. मी ज्या शाळांबद्दल लिहिते आहे त्या या तिसऱ्या प्रकारच्या. एका इयत्तेला एकच तुकडी, फार तर दोन.

आमचं मूल कॅथलिक नाही. त्याला वेगळं वाटेल का?

आमच्या मुलांना वाटलं नाही. वर्गात कुपारी, वाडवळ, आगरी, आदिवासी, स्टेशनजवळच्या इमारतींत नव्याने राहायला आलेली उत्तर भारतीय आणि गुजराती अशी सगळी मुलं असतात. पहिल्या वर्षी धाकटीने घरी येऊन विचारलं होतं की आपण रविवारी चर्चला का जात नाही. तिला सांगितलं, आपण देवळात जातो. तेवढ्यावर तिचं समाधान झालं.

प्रार्थना कोणती म्हणतात? मुलाला ती म्हणावीच लागते का?

सकाळी राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि एक प्रार्थना असते. आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस सर्वांना म्हणता येईल अशी मराठी प्रार्थना असते आणि काही दिवस ‘आमच्या स्वर्गातील बापा’. ती सुरू असताना ज्यांना म्हणायची नाही ती मुलं हात जोडून शांत उभी राहतात, त्यांना कोणी काही बोलत नाही.

कायद्याचं म्हणाल तर राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे, शासनमान्य किंवा शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही धर्मशिक्षण किंवा उपासना त्याच्या संमतीशिवाय सक्तीची करता येत नाही आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेही एप्रिल 2024 मध्ये आपल्या शाळांना लेखी सूचना दिल्या, की इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या सभेत राज्यघटनेची उद्देशिका म्हणावी. मुलाला प्रार्थनेतून वगळायचं असेल तर मुख्याध्यापकांना साध्या कागदावर दोन ओळी लिहून द्या. भांडायची गरज पडत नाही.

मग मुलांचं धर्मांतर…?

हा प्रश्न लोक आवाज खाली करून विचारतात. उघडपणे विचारा, मुख्याध्यापकांनाही विचारा. त्यांना राग येत नाही.

कॅथलिक मुलांचं धर्मशिक्षण बहुधा रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, तिथेच होतं. शाळेच्या वेळापत्रकात धर्मशिक्षणाचा तास असेल तर त्या वेळी बाकीच्या मुलांना मूल्यशिक्षण असतं. खोटं न बोलणं, आजारी मित्राची वही पूर्ण करून देणं, पाणी जपून वापरणं असे त्यातले विषय. चर्चच्या स्वतःच्या कायद्यातही बालकाला बाप्तिस्मा द्यायचा तर आई-वडिलांची, किमान त्यांच्यापैकी एकाची तरी, संमती लागते. थोरल्याच्या सगळ्या शाळेत आणि धाकटीच्या आजवरच्या वर्षांत आम्हाला कोणी धर्म बदला असं सुचवलेलंसुद्धा नाही. उलट नाताळला बालिका आश्रमातल्या मुलींसाठी करंज्या नेल्या तेव्हा सिस्टरनी गणपतीत आमच्या घरी येण्याचं कबूल केलं आणि त्या आल्या.

टिकली, मेंदी, बांगड्या, हातातला धागा?

खटके उडतात ते इथे. गणवेशाच्या नियमात ‘दागिने नकोत’ लिहिलेलं असतं आणि एखाद्या शिक्षिका त्यात टिकलीही मोजतात. माझं मत असं की टिकली हा दागिना नाही आणि शाळेने त्यावर बोलू नये. आमच्याकडे हा विषय पालकसभेत आला. फादरनी ऐकून घेतलं आणि टिकली व मनगटावरचा साधा धागा चालेल, नेलपेंट आणि लोंबणारे कानातले चालणार नाहीत असं ठरलं. खेळताना कान फाटतो हे कारण आम्हालाही पटलं. शेजारच्या गावातल्या शाळेत मात्र मेंदी लावून आलेल्या मुलींच्या डायरीत लाल शाईने शेरा आला आणि पालक दुखावले गेले. प्रवेशाआधी नियमांचा छापील कागद मागून घ्या आणि नीट वाचा.

शाळा छोटी असण्याचा मुलाला नेमका काय फायदा?

तिथे मूल हरवत नाही. मी या शाळेच्या बाजूने बोलते ते मुख्यतः यासाठीच.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर सकाळी फाटकाशी उभ्या राहतात. त्यांना प्रत्येक मुलाचं नाव माहीत असतं, आणि बहुतेकांच्या आजीचंही. जुलैतल्या एका पावसात चौथीतला एक मुलगा रोज भिजून येतो हे त्यांनी पाहिलं. वर्गात त्याला काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत त्याला ऑफिसात बोलावलं, कपाटातून एक जुना पण धड रेनकोट काढून दिला आणि संध्याकाळी शिपाईमामांना त्याच्या वस्तीवर पाठवलं. तेव्हा कळलं की वडिलांचं काम सुटलं होतं. चर्चमधल्या, गरजूंना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल मंडळींनी त्या वर्षीच्या त्याच्या वह्यांची सोय केली. वर्गातल्या मुलांना यातलं काही कळलं नाही. आम्हाला कळलं ते पुढे, त्याच्या आईने स्वतः पालकसभेत सांगितलं म्हणून.

दुसरं म्हणजे, छोट्या शाळेत सगळ्यांना सगळं करावं लागतं. स्नेहसंमेलनात नाटकाला पात्रं पुरत नाहीत म्हणून बुजऱ्या मुलालाही रंगमंचावर चढावं लागतं. माझा थोरला पाचवीपर्यंत चारचौघांत तोंड उघडत नव्हता. सहावीत त्याला सकाळच्या सभेत बातम्या वाचायला उभं केलं, कारण वाचणारी मुलगी आजारी होती आणि दुसरं कोणी नव्हतं. मोठ्या शाळेत त्याची पाळी आलीच नसती.

आणि मोठी मुलं धाकट्यांना सांभाळतात. डबा खाताना सातवीची मुलगी पहिलीच्या मुलाचं झाकण उघडून देते, हे आम्ही रोज पाहतो.

आणि तोटे? खरं सांगा.

तोटे आहेत आणि ते लहान नाहीत.

शिक्षक मोजके असतात. एक जण रजेवर गेला की सगळं वेळापत्रक कोलमडतं. आमच्याकडे एका वर्षी गणिताच्या टीचर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि बदली शिक्षक मिळेना. दिवाळीनंतर आठवी-नववीचं गणित जवळपास थांबलं. शेवटी एका मुलाचे वडील, जे कारखान्यात ड्राफ्ट्समन आहेत, आणि नुकतीच बीएस्सी झालेली एक माजी विद्यार्थिनी असे दोघे शनिवारी येऊन शिकवू लागले. त्यांचे उपकार आहेत, पण शाळेने हे आधी ओळखायला हवं होतं. रजा काही अचानक आलेली नव्हती.

प्रयोगशाळा लहान, संगणक जुने. खेळाचं मैदान म्हणजे चर्चचं पटांगण, आणि लग्न किंवा चर्चचा सण असला की तेही नाही. जलतरण, रोबोटिक्स, परदेशी भाषा हवी असेल तर ही शाळा तुमच्यासाठी नाही.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. एकच तुकडी असली की एखाद्या मुलाचं वर्गात जमलं नाही तर त्याला हलवायला दुसरी तुकडी नसते. चौथीत दोन मुलींचं बिनसलं, तर दहावीपर्यंत त्या समोरासमोर. एका कुटुंबाने याच कारणासाठी सातवीत शाळा बदलली आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही.

सिस्टर, फादर बदलले की शाळा बदलते का?

बदलते, बरीच. धर्मगुरू आणि सिस्टर यांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या होतात, बहुधा मे महिन्याच्या आसपास. नवे व्यवस्थापक आले की कोणी बाग लावतं, कोणी इंग्रजी संभाषणावर जोर देतं, कोणी सगळं होतं तसंच ठेवतं. म्हणून केवळ मुख्याध्यापिकेचं नाव ऐकून प्रवेश घेऊ नका. पंधरा-वीस वर्षं तिथेच असलेले स्थानिक शिक्षक किती आहेत ते बघा. शाळेचा स्वभाव त्यांच्या हातात असतो.

मराठी माध्यम घ्यावं की इंग्रजी?

वसईतल्या चर्चच्या अनेक शाळा मराठीत सुरू झाल्या आणि नंतर त्याच आवारात इंग्रजी माध्यम आलं. आता इंग्रजीचे वर्ग भरलेले आणि मराठीचे विरळ, असं चित्र दिसतं. इथल्या कॅथलिक समाजाने मराठी जिवापाड जपली आहे. मिस्सा मराठीत होते, गायनमंडळ मराठीत गातं. 2020 च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. त्याच समाजातल्या तरुण आई-बाबांना मुलासाठी इंग्रजी हवी असते आणि नोकरीच्या काळजीने हवी असते, हे मी समजू शकते.

आम्ही थोरल्याला मराठीत आणि धाकटीला इंग्रजीत घातलं, म्हणून दोन्हीकडचं पाहिलं आहे. मराठी माध्यमातली मुलं शंका जास्त विचारतात. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलणारं मूल पहिल्या काही महिन्यांत शाळेच्या मराठीत रुळतं. इंग्रजी माध्यमात पहिली दोन-तीन वर्षं बरीच मुलं गप्प असतात, कारण घरी कोणी इंग्रजी बोलत नाही, आणि टीचरही मग समजावताना मराठीवरच येतात. घरी रोज थोडं इंग्रजी वाचून दाखवणारं कोणी नसेल तर मी मराठी माध्यम सुचवते. इंग्रजी विषय त्यातही पहिलीपासून असतो. आणि इंग्रजी माध्यम निवडलं तरी मराठी सुटत नाही, 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत ती शिकवावीच लागते.

फी किती?

शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे आधी विचारा. अनुदानित वर्गांत मान्य पदांवरच्या शिक्षकांचा पगार शासन देतं, त्यामुळे फी नाममात्र असते. त्याच आवारातलं इंग्रजी माध्यम बहुधा विनाअनुदानित असतं आणि तिथे सगळा खर्च फीमधून निघतो. तरी ती शहरातल्या खाजगी शाळांच्या मानाने कमीच असते, असा आमचा अनुभव.

फीवाढ शाळा एकटी ठरवू शकत नाही. 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो, आणि त्या समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. चिठ्ठीसाठी नाव द्या. बहुतेक पालक देत नाहीत आणि मग वर्षभर कुरकुरतात. प्रवेशासाठी देणगी मागणं 1987 पासून कायद्याने बंद आहे. इमारत निधीला स्वखुशीने काही दिलंत तर पावती घ्या.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांत इथे प्रवेश मिळतो का?

नाही, कारण चर्चच्या या शाळा अल्पसंख्याक शाळा आहेत. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती प्रकरणात शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं ठरवलं. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो विषय मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. अडचण असेल तर फादरना प्रत्यक्ष भेटा. फीमध्ये सवलत मिळाल्याची उदाहरणं आमच्याकडे आहेत, सगळ्या धर्मांच्या मुलांची.

शिस्तीच्या नावाखाली मारतात का?

आमच्या पिढीने पट्टी खाल्ली, म्हणून हा प्रश्न येतो. आता मारणं गुन्हा ठरू शकतं हे शिक्षकांना माहीत आहे आणि आमच्याकडे कोणी मारत नाही. टाकून बोलणं मात्र अजून कुठे कुठे होतं. ‘तुझ्या भावाला बघ’ हे वाक्य छोट्या शाळेत फार ऐकू येतं, कारण टीचरनी भावालाही शिकवलेलं असतं. माझ्या धाकटीला त्याचा त्रास झाला. मी जाऊन टीचरना शांतपणे सांगितलं आणि ते थांबलं.

मुलांच्या सुरक्षिततेचं काय?

संस्था धार्मिक आहे म्हणून पालकांनी डोळे मिटून विश्वास टाकू नये. घरगुती वातावरणाच्या छोट्या शाळेत, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे तर तक्रार करणं जास्त अवघड जातं, कारण ज्यांच्याविरुद्ध बोलायचं ते आपल्या गावचे, आपल्या ओळखीचे असतात. म्हणून काही गोष्टी आधीच विचारून ठेवा. राज्य शासनाच्या 2022 च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्यात कोण आहेत, तिची बैठक शेवटची कधी झाली? तक्रारपेटी कुठे आहे आणि ती कोण उघडतं? एकट्या मुलाला ऑफिसात किंवा फादरांच्या निवासात बोलावताना दुसरं मोठं माणूस हजर असतं का? आमच्या पालक-शिक्षक संघाने हा शेवटचा नियम लेखी करून घेतला, आणि त्या वेळच्या फादरनी स्वतः पुढे होऊन त्यावर सही केली.

मुलांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशा अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना द्यावीच लागते. शाळेने ‘आपण आत मिटवू’ म्हणणं बेकायदा आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये जगभरच्या धर्मगुरूंना आणि सिस्टरना अशा घटना वरिष्ठांना कळवणं बंधनकारक केलं, पण ते चर्चच्या आतलं झालं, त्याने पोलिसांकडे जाणं टळत नाही. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक 1098. तो मुलांना पाठ करून द्या.

एरवीची तक्रार कोणाकडे करायची?

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापिका, मग व्यवस्थापक फादर. लेखी द्या आणि पोच घ्या. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टीचरांचं नाव घेऊन लिहू नका. छोट्या गावात ते संध्याकाळपर्यंत त्यांच्या सासरी पोहोचतं आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

पट कमी होतोय म्हणतात. शाळा मधेच बंद पडली तर?

मराठी माध्यमाच्या बाबतीत ही भीती खरी आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं संचमान्यतेने, म्हणजे किती मुलांमागे किती शिक्षक या शासनाच्या मंजुरीने, ठरतात आणि ती 30 सप्टेंबरच्या पटावर होते. आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. आधारमध्ये नावाची किंवा जन्मतारखेची चूक असेल तर शाळा तुमच्या मागे लागते ती यासाठी, म्हणून तेवढं काम लवकर करून द्या. पट घसरला की पद जातं, पद गेलं की दोन वर्ग एका शिक्षकाकडे येतात, आणि ते पाहून आणखी पालक मूल काढतात. शिवाय नवा शिक्षक नेमला तरी त्याला वैयक्तिक मान्यता मिळून शालार्थ या शासनाच्या पगारप्रणालीत नाव येईपर्यंत पगार सुरू होत नाही. चांगली तरुण माणसं त्या वाट पाहण्यातच निघून जातात.

प्रवेश घेताना गेल्या तीन वर्षांचा पहिलीचा पट विचारा. आकडा सांगायला शाळा टाळाटाळ करत असेल तर सावध व्हा. मधेच बंद पडली तर जवळच्या शाळेत सोय लावतात, पण मुलाच्या मनाची घडी विस्कटते.

गोव्यातही असंच असतं का?

माझी मावसबहीण म्हापशाजवळ राहते. तिच्याकडून कळतं त्याप्रमाणे तिथेही गावच्या चर्चला जोडलेली छोटी प्राथमिक शाळा असतेच, पण माध्यमाचा वाद वेगळा. 1990 पासून तिथे प्राथमिक शाळांना अनुदान हवं तर कोकणी किंवा मराठी माध्यम लागायचं, म्हणून धर्मप्रांताच्या शाळा कोकणीकडे वळल्या. 2011 मध्ये इंग्रजीलाही अनुदान मिळू लागलं आणि त्यावरून मोठं आंदोलन झालं.

पालकांकडून शाळेची काय अपेक्षा असते?

वेळेची. पैशांपेक्षा वेळेची. क्रीडादिनाला शर्यतीच्या रेषा आखणं, ग्रंथालयाची पुस्तकं शिवणं, सहलीला बसमध्ये सोबत जाणं, नाताळचा गोठा उभारताना गवत आणून देणं. ज्यांच्या वाडीत केळी आहेत ते घड आणून देतात, ज्यांची रिक्षा आहे ते आजारी मुलाला घरी सोडतात. नोकरीवरून विरार लोकलने रात्री घरी येणाऱ्या आई-बाबांना हे जमत नाही आणि त्यांना अपराधी वाटू लागतं. त्यांनी वर्षातून एक शनिवार दिला तरी पुष्कळ आहे. फक्त फी भरून मोकळं व्हायचं असेल तर मोठी शाळा बरी, तिथे हे सगळं करायला पगारी माणसं असतात.

शाळा बघायला जाताना काय पाहावं?

मधल्या सुट्टीत जा. मुलं टीचरना पाहून गप्प होतात की जवळ येतात ते बघा. मुलींची स्वच्छतागृहं बघा, आत पाणी आणि कडी आहे का ते तपासा. ग्रंथालयातलं एखादं पुस्तक उघडून शेवटचं कधी नेलं होतं त्याची तारीख वाचा. मग दहावीचा निकाल विचारा.

प्रवेशाला कोणते कागद लागतात?

जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, फोटो, असेल तर जातीचा दाखला, दुसऱ्या शाळेतून येत असाल तर तिथला शाळा सोडल्याचा दाखला. कॅथलिक मुलांना बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, कारण अल्पसंख्याक शाळेत त्या समाजाच्या मुलांना प्राधान्य असतं. पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अर्ज आमच्याकडे नाताळच्या सुट्टीनंतर ऑफिसात मिळतात. तारीख फाटकाजवळच्या फळ्यावर लिहितात आणि रविवारी चर्चमध्येही वाचून दाखवतात. चर्चला न जाणाऱ्यांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसात चक्कर मारावी, दुपारी बारानंतर.